अकरा एकांची संख्या

लोधिवली
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून पत्र. कर्जतच्या पोस्टात खिडकीपलीकडे बसतेस, निदान हे तरी तुझ्या हातात पडेल. तिकीट लावलंय, तेवढीच तुझ्या खात्याला मदत.

बातमी अशी, की विहाराशेजारची अभ्यासिका बांधून झाली. समितीने एकमताने अण्णांचं नाव द्यायचं ठरवलं. 'श्रीपत गुरुजी अभ्यासिका', २६ जानेवारीला उद्घाटन. दारापाशी काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवायचाय आणि त्यावर अण्णांची संख्या कोरायची आहे. दगड खोपोलीहून मीच माझ्या टेंपोतून आणला, भाडं घेतलं नाही.

समितीतल्या तरुण पोरांना संख्येचं काही माहीत नव्हतं. मला समजावून सांगावं लागलं, आणि माझं गणित तुला ठाऊक आहे. म्हटलं, एकाशेजारी एक असे अकरा एक लिहा. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. तीन एक लिहिले तर तिनाने भाग जातो, पाच एक लिहिले तर एक्केचाळीसने, सात एक दोनशे एकोणचाळीसने फुटतात. अकरा एक मात्र फुटत नाहीत, हे आमच्या गुरुजींनी एकेक भागाकार करून दाखवलं. पोरांनी हातातले फोन खिशात टाकले. मला फार बरं वाटलं, ताई. गणितातलं काहीतरी मी सांगतोय आणि लोक ऐकतायत, असं पहिल्यांदाच झालं.

दगडावरच्या दोन ओळी तू लिहून दे, तुझी भाषा चांगली. आणि ये. अण्णा आता त्र्याऐंशीचे झाले. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, बोलता बोलता कुठल्या कुठे जातात. पण दुपारी चहा देताना रोज विचारतात, "मनाली आली का रं?" कर्जत ते लोधिवली तासाचा रस्ता. मी रोज काय सांगायचं?

तुझा,
सुमित


कर्जत
११ नोव्हेंबर २०२४

चि. सुमित,
जय भीम.

सांग की मनाली भागाकार करतेय, संपले की येईल. त्यांना हे उत्तर पटेल. त्यांनीच शिकवलंय ते.

तू पोरांना अर्धीच गोष्ट सांगितलीस, म्हणून उरलेली मी लिहिते. आई गेली त्या वर्षी अण्णांनी ही संख्या काढली. एक लाख साडेपाच हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. तिथवर भाग गेला नाही तर पुढेही जात नाही. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्या एक, तीन, सात किंवा नऊ याच आकड्यांनी संपतात. त्याप्रमाणे वाटण्या झाल्या. एकने संपणाऱ्या अण्णांच्या, नऊने संपणाऱ्या तुझ्या, तीन आणि सातच्या माझ्या. जेवणं झाली की तिघांनी पाट्या घेऊन बसायचं. बाकी उरली की अण्णांना दाखवायची, त्यांनी मान हलवली की पाटी पुसायची आणि पुढची संख्या. पुढे तुझ्या चुका व्हायला लागल्या म्हणून नऊवाल्याही माझ्याच पाटीवर आल्या. म्हणजे चारातले तीन वाटे मी केले. हे सांगितलंस का पोरांना?

बारावीनंतर मला मुंबईच्या कॉलेजात जागा मिळाली होती, हॉस्टेलसकट. गणित घेऊन बी. एस्सी. करणार होते. ट्रंक भरून झाली होती. अण्णा ओट्यावर बसून म्हणाले, "आता थोडं राहिलंय. एवढी संख्या पुरी करून जा. अर्ध्यात सोडलेला भागाकार काय कामाचा?" मी ट्रंक रिकामी केली. वर्षाने संख्या पुरी झाली तेव्हा कॉलेजातली जागा दुसऱ्याची होती, आणि मला स्थळं यायला लागली होती. विहारात पेढे वाटले. अण्णांनी भाषण केलं. अकरा एक खांद्याला खांदा लावून उभे आहेत, यांना कोणी फोडू शकत नाही, आपल्या समाजाने असं राहावं. टाळ्या पडल्या. भाषणात माझं नाव नव्हतं, तुझंही नव्हतं.

तरी एक सांगते. आज मी खिडकीत बसून रजिस्टरची पाकिटं तोलते, पण मनात कुठेतरी असतं की माझ्या हाताखालून एक खरी गोष्ट गेली आहे. त्या संख्येला भाग जात नाही हे मी स्वतः पाहिलं आहे. तेवढीच माझी पदवी.

म्हणून दगडावर माझं नाव हवं. 'गणन : मनाली श्रीपत', बास. नाव असेल तर येईन. नसेल तर बोलावू नकोस.

मनाली


लोधिवली
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला नको होतं. पण तुझं म्हणणं बरोबर आहे. समितीपुढे विषय ठेवला. एकदोघांनी कुरकुर केली, की लेकीचं नाव टाकलं तर सासरचं आडनाव लावायचं की माहेरचं. मी म्हटलं, भागाकार माहेरी केलेत. विषय संपला. तुझं नाव येणार, अण्णांच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरात. माझं नको, मी काही केलेलं नाही.

आता एक गंमत ऐक आणि जमलं तर मदत कर. परवा दगड कोरणारा जैतू घरी आला होता. एक नक्की किती घ्यायचे, म्हणून त्याने मोठ्याने विचारलं. मी म्हटलं अकरा. अण्णा खाटेवर पडून ऐकत होते. एकदम उठून बसले आणि म्हणाले, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास." जैतू हसला, "एवढे एक कुठं मावायचे, गुर्जी?" अण्णा हसले नाहीत. तेव्हापासून तोच आकडा धरून बसलेत. चहा घेताना तोच, झोपेत तोच. काल तर म्हणता म्हणता डोळ्यांना पाणी आलं.

मला वाटलं जमिनीचा गट नंबर असेल, आपल्याला न सांगता कुठे तुकडा घेतला असेल. खालापूरला तहसील कचेरीत जाऊन आलो. तिथला कारकून म्हणाला, गावात एवढे गट असते तर गावाचं शहर झालं असतं. मग वाटलं शाळेतला कसला नंबर असेल, पेन्शनचा असेल. पेन्शनच्या कागदावरही नाही. एसटीच्या जुन्या पासावरसुद्धा पाहिला. सगळे हसतात मला.

तुला काही आठवतं का? आईच्या दवाखान्यातला केसपेपर वगैरे? अण्णा नीट सांगत नाहीत. मी विचारलं की तोंड भिंतीकडे करतात.

तुझा,
सुमित


कर्जत
२९ नोव्हेंबर २०२४

सुमित,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत फोडलं. डबा उघडला नाही. एका कोऱ्या फॉर्मच्या मागे भागाकार केला. अण्णांनी शिकवला तसाच, पायरी पायरीने.

११,११,११,११,१११ भागिले २१,६४९. भाग गेला. ५,१३,२३९ वेळा, पूर्ण. बाकी शून्य.

तो गट नंबर नाही आणि पेन्शनचा नंबरही नाही. अकरा एक ज्याने फुटतात ती संख्या आहे ती.

एवढी वर्षं त्या पाटीवर मी शून्य बाकी कधी पाहिली नव्हती. कधी पाचशे, कधी सतरा, एकदा अण्णांच्या पाटीवर नुसता एक उरला होता तेव्हा किती हळहळले होते मी. आज पोस्टाच्या फॉर्मवर शून्य आलं. सुट्टी संपल्यावर खिडकीपुढे उभ्या बाईला मी मनीऑर्डरऐवजी रजिस्टरची पावती दिली.

स्नेहल दोन दिवसांसाठी घरी आलीय, रात्री तिला सांगितलं. बी. एस्सी.ला गणित घेतलंय तिने, मुंबईला ठेवलंय, ट्रंक मी स्वतः उचलून दिली. ती म्हणाली, आई, फोनला विचारलं असतं तर एका क्षणात सांगितलं असतं. तिचं बरोबर आहे. अण्णा आयुष्यभर सांगत आले, कोणीही सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. फक्त अण्णांनी सांगितलेलं तपासायची सवय आपल्या घराला नव्हती. पुढे तिने आणखी एक सांगितलं. अकरा एकांना भाग जाणारी मूळ संख्या असेल, तर तिच्यातून एक वजा केल्यावर बावीसने भाग जावा लागतो. तेवढ्याच तपासायच्या होत्या. दहातल्या नऊ संख्यांना हात लावायचीही गरज नव्हती. ती हे सहज बोलून गेली आणि भात वाढून घेतला.

आता तुझ्याकडे येते. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. शेवटी नऊ आहे, सुमित. आणि एकवीस हजारांवर आपण आलो तेव्हा नऊवाल्या तुझ्याकडेच होत्या. तुला कधी एकदा पाटी टाकून मैदानावर पळतोय असं व्हायचं. भागाकार न करता काहीतरी बाकी लिहून दाखवलीस ना? अण्णांना ते नंतर कधीतरी कळलं असणार आणि लेकाची अब्रू झाकायला ते गप्प बसले. तुझ्या एका खोट्या बाकीपायी मी पुढची तीन-चार वर्षं मेलेल्या संख्येला भागत बसले. माझं कॉलेज गेलं.

दगडावरून माझं नाव काढ. मी येणार नाही.

मनाली


लोधिवली
२२ डिसेंबर २०२४

ताई,

पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आधी मला वाटलं, तू म्हणतेस तसंच झालं असेल. माझ्याबद्दल कोणी काही वाईट बोललं की मला आधी ते खरंच वाटतं. मग जेवता जेवता एकदम आठवलं आणि घास तसाच राहिला.

मी खोटी बाकी लिहिली नव्हती. मी शून्य लिहिलं होतं.

तुला तो दिवस आठवायला हवा, तू समोर होतीस. मी आठवीत होतो. बाकी शून्य आली म्हणून मी पाटी डोक्यावर धरून नाचत अण्णांकडे गेलो. म्हटलं, "अण्णा, फुटली! मी फोडली!" अण्णांनी पाटी घेतली. बराच वेळ पाहिली. मग तळहाताने पुसली आणि मला थोबाडीत दिली. म्हणाले, "खेळायला जायची घाई, म्हणून शून्य लिहितो? चुकलास. पुन्हा कर." तू हसलीस, ताई. मी पुन्हा केला, पुन्हा बाकी शून्य आली. तेव्हा मात्र मी ती दाखवली नाही, रडत झोपून गेलो. दुसऱ्या दिवसापासून नऊवाल्या तुझ्याकडे.

तेव्हापासून मला पक्कं माहीत होतं, की मला भागाकार येत नाही. दहावीला गणितात उडालो तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. आजही गिऱ्हाइकाला भाडं सांगताना बायकोला हिशोब विचारतो. बेरीजसुद्धा. लोक हसतात, मीही हसतो.

मग मी अण्णांना विचारलं. ओरडलो नाही. खाटेजवळ बसून म्हटलं, "अण्णा, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो. तुम्हाला ठाऊक व्हतं." त्यांनी डोळे मिटून घेतले. वाटलं, झोपले. मग म्हणाले, "व्हतं."

"मग का?"

"फुटली म्हणून सांगितलं असतं तं तुमी दोघं उठला असता. तू खेळाय, ती शिकाय. तुमची आई मालन गेल्यावर या घरात आवाज कोणाचा व्हता रं? पाटीवर पेन्शिल चालायची, तेवढाच. संख्या हाय तवर पोरं हायत, असं वाटायचं." मी म्हटलं, ताईचं कॉलेज गेलं. तर म्हणाले, "एकच वरीस थांब म्हनलो व्हतो." मी म्हटलं, मला मारलंत. थोड्या वेळाने विचारलं, "मनाली आली का?"

लोक म्हणतील, म्हातारा एकटा होता, समजून घे. मला समजलं सगळं. पण राग गेला नाही. आई आपलीही गेली होती ना? आपण कोणाला धरून ठेवलं?

जैतूने अकरा एक कोरलेत. दगड घराच्या पडवीत उभा आहे, येता-जाता दिसतो. पत्रिका छापून आल्या, त्यात 'अविभाज्य संख्येचे जनक' असं काहीतरी लिहिलंय. आता काय करू ते तू सांग. तू मोठी आहेस.

सुमित


कर्जत
३ जानेवारी २०२५

प्रिय सुमित,

मी हसले होते. तुझं पत्र वाचलं आणि आठवलं. मला वाटलं होतं, बरं झालं, आता अण्णांना कळेल हुशार कोण आहे. त्यांनी दोघांना एकाच भागाकाराला बसवलं आणि एकमेकांपासून तोडलं, आणि तीस वर्षं मी समजत होते की तुझ्या चुकांमुळे तुझा वाटा माझ्यावर पडला. तुझ्या घरची पायरी चढले नाही त्यातलं निम्मं कारण तूच होतास. आता ते कारणही उरलं नाही, आणि त्याने बरं वाटायला हवं तर तेही वाटत नाही.

दगड फोडू नकोस. एक आहेत तसे राहू देत. त्यांच्या खाली दुसरी ओळ कोरून घे :

= २१,६४९ × ५,१३,२३९
शोध : सुमित श्रीपत

समितीला विचारू नकोस, विचारलंस तर नाही म्हणतील. माझं नाव नको. मी त्या संख्येत शोधलं काहीच नाही, फक्त भागत राहिले.

येणार नाही. राग म्हणून नव्हे. समोर उभी राहिले तर मी बोलेन, आणि त्र्याऐंशीच्या आंधळ्या माणसाला लोकांदेखत ते ऐकवलं की गाव मलाच नावं ठेवील. त्यांना विचारू दे रोज. मीही खूप वर्षं विचारत होते, की आता किती राहिलंय, आणि ते रोज म्हणायचे, थोडंच.

पण तू त्या दिवशी दगडाजवळ उभा राहा. त्यांच्या हाताला ती ओळ लाव. त्यांनी एकदा तुला बरोबर म्हणावं, एवढं मला हवंय. माझं कॉलेज काही परत येत नाही. तुझं शून्य तरी तुला मिळू दे.

तुझी,
ताई


लोधिवली
२७ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

काल उद्घाटन झालं. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. शेवटी तिच्यावर हार-तुरे ठेवले.

ओळ तू सांगितलीस तशीच कोरून घेतली. आदल्या दिवशी जैतूला घरी बोलावलं, पडवीला आडोसा लावला. दगड झाकूनच अभ्यासिकेपाशी नेला, समितीला पडदा सरकल्यावरच दिसलं. एकाने विचारलं, हे खाली काय? मी म्हटलं, संख्येचा तपशील. तो म्हणाला, छान छान. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की ही एकजुटीची संख्या आहे, जगातली कुठलीही ताकद हिला फोडू शकत नाही. त्यांच्या कोपरापाशीच गुणाकार कोरलेला होता. शंभर माणसं समोर होती, ताई. कोणी वाचला नाही.

मग अण्णांना खुर्चीवरून उठवून दगडाजवळ नेलं. मी त्यांचा हात धरून वर ठेवला. बोटांनी त्यांनी एक मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. अकरा झाले तेव्हा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू. सगळं विसरून मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. मग मी त्यांचा हात खालच्या ओळीवर आणला. दोन, एक, सहा. बोटं सावकाश चालली. चार. नऊ. तिथे थांबली.

"ह्ये कोनी काढलं?"

"मी, अण्णा. सुमित."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळ्यांत काही नाही, पण मान अगदी तशीच तिरकी झाली, पाटी बघताना व्हायची तशी. हात उचलून माझ्या गालाला लावला. मला वाटलं, आता म्हणतील. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, लोकांदेखत रडायला आलो होतो.

म्हणाले, "चुकलास. पुना कर."

लोकांना वाटलं गुरुजींनी लेकाला आशीर्वाद दिला. टाळ्या वाजल्या. फोटोही निघालाय, हवा तर पाठवतो.

अण्णांना घरी आणून निजवलं. मग बाहेर येऊन टेंपोची मागची फळी पाडली आणि तिच्यावर खडूने भागाकार मांडला. बायको म्हणाली, आता कशाला? मी म्हटलं, अण्णांनी सांगितलंय. पायरी पायरीने केला, कोणाला काही विचारलं नाही.

बाकी शून्यच आली, ताई.

तुझा,
सुमित